रिठद येथील चार दिवस

गेल्या नवरात्रांत आमच्या घरीं एक विलक्षण प्रश्न उपस्थित झाला. आमचा पुतण्या पुण्यास हिंजवडीच्या बाजूस संगणकाच्या कामावर आहे. पगार उत्तम, सून शिकलेली व स्वतः नोकरी करणारी, पदरीं पांच वर्षांची मुलगी. अष्टमीच्या दिवशीं सर्व मंडळी जेवावयास बसली असतां त्यानें शांतपणें सांगितलें कीं, नोकरी सोडून रिठद येथील आपल्या वडिलोपार्जित सहा एकरांत शेळ्या पाळाव्या, आणि त्यांच्या दुधाचें चीज करून विकावें, असा आपला विचार ठरत आला आहे. आमच्या भावजयीच्या हातांतील पळी जागच्या जागीं राहिली. आत्याबाई चौऱ्यायशी वर्षांच्या आहेत, त्या म्हणाल्या, "गाय ठेव, म्हैस ठेव. पण शेळी कशाला रे? आणि चांगलें दूध नासवून तें विकायचें?" धाकटे बंधु घराच्या कर्जाचे हप्ते बोटांवर मोजूं लागले. सूनबाई मात्र कांहींच बोलल्या नाहींत, आणि त्यांचें न बोलणें आम्हांस सर्वांत बोलकें वाटलें.

शेवटीं बंधु म्हणाले, "दादा, तुम्ही वडील आहां. त्याच्याबरोबर जाऊन एकदां पाहून या. तुम्ही सांगाल तें सर्वांस मान्य."

वास्तविक 'उंटावरून शेळ्या हाकणें' या म्हणीचा अर्थ आम्हीं छत्तीस वर्षें मुलांस समजावून दिला. पण शेळीस जन्मांत हात लावला नव्हता. रिठद हें आमचें मूळ गांव खरें, परंतु आमच्या आजोबांनीं तें सोडलें तेव्हांपासून त्या गांवाशीं आमचा संबंध शेताच्या मक्त्यापुरता व एका जुन्या घराच्या किल्लीपुरता उरला होता. निघतांना आमचा निर्णय मनाशीं ठरलेलाच होता. चार दिवस राहावें, मुलाचा उत्साह आपोआप ओसरूं द्यावा, आणि त्यास परत घेऊन यावें.

मार्गशीर्षांत निघालों. पुण्याहून अकोला व तेथून वाशिम असा प्रवास आगगाडीनें केला. वाशिम जिल्हा हा 1 जुलै 1998 रोजीं अकोला जिल्ह्यांतून निराळा काढलेला. 2018 सालीं केंद्र सरकारनें विकासाच्या दृष्टीनें मागें राहिलेले जिल्हे 'आकांक्षित' या नांवाखालीं निवडले. त्यांत महाराष्ट्रांतील चार होते, व त्यांपैकीं वाशिम एक. पण संस्कृत शिकलेल्या मनुष्यास हें गांव मागासलेलें कसें वाटावें? हेंच जुनें वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी येथें होती, आणि अजिंठ्याचें सोळावें लेणें करविणारा वराहदेव हा याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री. राजशेखरानें 'काव्यमीमांसें'त एक गोड कथा सांगितली आहे. काव्यपुरुष रागावून घर सोडून निघाला. त्यास बांधून ठेवावें म्हणून गौरीनें साहित्यविद्या नांवाची वधू निर्माण केली व त्याच्यामागें धाडली. तो देशोदेशीं फिरला, आणि अखेरीस विदर्भांत वत्सगुल्म नगरीं दोघांचा गांधर्व विवाह झाला.

ही कथा आम्हीं गाडींत पुतण्यास सांगितली. तो हंसून म्हणाला, "काका, घर सोडून निघालेला माणूस वाशिमास स्थिर झाला, म्हणजे ही साक्ष माझ्याच बाजूची!" आम्ही म्हणालों, "पुढचें ऐक. लग्न लागल्यावर दोघें हिमालयास परत गेलीं." यावर तो गप्प राहिला, आणि पहिला डाव आपण जिंकला असें आम्हांस वाटलें.

रिठद हें रिसोड तालुक्यांत वाशिम–रिसोड रस्त्यावर आहे. एस. टी. तून उतरलों तों दोहों बाजूंस काळी जमीन. सोयाबीन निघून गेलेलें, त्याच्या कुटाराचे ढीग जागोजाग रचलेले. तूर पिंवळ्या फुलांवर आलेली, हरभरा वीतभर वाढलेला. बांधांवर बाभळी, निंब व बोरी. घराचें कुलूप तेल घालून उघडावें लागलें. शेजारच्या मंडळींनीं अंथरुणें दिलीं, आणि संध्याकाळीं दहा-पंधरा जण ओट्यावर येऊन बसले. पुण्याची नोकरी सोडून शेळ्या, हें ऐकून ते हंसले. पण त्या हंसण्यांत कुचेष्टा नव्हती. एक वृद्ध गृहस्थ इतकेंच म्हणाले, "आमची पोरं पुण्याले चालली, अन् तुमचं पोरगं इकडं. बरं हाय, गाडीत जागा तं सारखीच लागन."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही एका बाईंकडे गेलों. त्यांच्यापाशीं अकरा शेळ्या होत्या. वऱ्हाडांत शेळी हा शब्द पुस्तकांतला. बोलण्यांत ती बकरीच. चार-पांच शेळ्या भुऱ्या-तांबूस रंगाच्या, नाकाच्या दोहों बाजूंस पट्टे असलेल्या होत्या. विदर्भांतील या जातीस 'बेरारी' असें नांव असून कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोनें स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद केली आहे. बाकीच्या काळ्या, उस्मानाबादी वळणाच्या. या जातींत जुळें होणें नेहमींचें. शेळी पांच महिन्यांत विते, आणि नीट निगा राखल्यास दोन वर्षांत तीन वेतें मिळतात.

पुतण्यानें दुधाचा भाव विचारला. बाई पाहतच राहिल्या. "बकरीचं दूध कोन इकत घेते, बापू? कोनाचं लेकरू बिमार असलं तं वाटीभर मांगाले येतात. त्याचे काय पैसे घ्या लागते?"

हें उत्तर आम्हीं टिपून ठेवलें. 2019 च्या पशुगणनेप्रमाणें भारतांत सुमारें 14 कोटी 89 लाख शेळ्या आहेत, त्यांपैकीं महाराष्ट्रांत सुमारें 1 कोटी 6 लाख. आणि तरीहि देशाच्या एकूण दुधांत शेळीच्या दुधाचा वांटा शेंकडा तीनच्या आसपास. याचें कारण त्या बाईंच्या एका वाक्यांत होतें. ही गरिबाची गाय खरी, पण तिचें दूध पिल्लांचें, घरच्यांचें व आजाऱ्याचें, बाजाराचें नव्हे.

दुपारीं आम्ही पुतण्यास पाटी-पेन्सील दिली, म्हणजे त्याच्या वहींतील एक पान मागून घेतलें, आणि हिशेब मांडावयास लावला. आपल्याकडील शेळी पिल्लांचें पोट भागवून दिवसास अर्धा लिटर दूध देईल तर पुष्कळ. वीस शेळ्या ठेवल्या तरी एका वेळीं दुभत्या दहा. म्हणजे पांच लिटर. ताज्या मऊ चीजच्या एका किलोस कित्येक लिटर दूध लागतें. तेव्हां वीस शेळ्यांची चाकरी करून हातीं पडावयाचें तें दिवसास अगदींच थोडें! स्वित्झर्लंडकडील सानेन जातीची शेळी दिवसास तीन लिटरहि देते. पण ती थंड मुलखांतली, येथील वैशाख तिला सोसवणार कसा? पुतण्या म्हणाला, "काका, हा हिशेब मी केला आहे. म्हणून आधीं गांवांतल्या शेळ्यांचें दूध विकत घ्यायचें, आणि आपला कळप हळूहळू वाढवायचा." त्यानें हिशेब केला होता हें ऐकून आम्हांस प्रथमच थोडी काळजी वाटली, कारण केवळ लहर असती तर ती हिशेबापाशींच थांबली असती.

त्याच सायंकाळीं चार घरांचें मिळून पांच लिटर दूध जमविलें. पुतण्यानें हें काम पुण्यास एका वर्गांत शिकून घेतलें होतें. दूध 63 अंशांवर अर्धा तास ठेवलें. आम्ही म्हणालों, निरसें दूध अमृत असें लोक म्हणतात, मग हा खटाटोप कशाला? त्यानें माल्टा बेटाची हकीकत सांगितली. तेथील इंग्रज शिपायांस एक चिवट ताप येई. 1887 सालीं डेव्हिड ब्रूस यानें त्याचे जंतु शोधून काढले, आणि 1905 सालीं थेमिस्टोक्लीस झामित या माल्टाच्याच वैद्यानें दाखविलें कीं, ते जंतु शेळीच्या रक्तांत असून दुधावाटे माणसांत येतात. शेळी दिसावयास धडधाकट, दूध दिसावयास स्वच्छ; आणि ताप मात्र महिनोन् महिने. दूध तापविल्यावांचून करणें म्हणजे गिऱ्हाइकाच्या जिवाशीं खेळ, हें आम्हांस पटलें.

दूध निवाल्यावर त्यांत विरजण व किण्वाचे चार थेंब घातले. हें किण्व पूर्वीं वासराच्या जठरांतून काढीत. आतां तें बुरशीसारख्या सूक्ष्म जीवांपासूनहि तयार होतें, आणि पुतण्यानें आणलेलें तसलेंच होतें. सिंध-पंजाबकडे पनीर-डोडी नांवाच्या झुडपाच्या फळांनींहि दूध थिजवीत. आत्याबाईंस सांगावयास म्हणून हेंहि आम्हीं लिहून घेतलें.

सकाळीं दूध दह्यासारखें घट्ट बसलें होतें. तें फडक्यांत बांधून टांगलें. शेळीच्या दुधांत गाईच्या दुधासारखा पिंवळेपणा नसतो, त्यामुळें गोळा अगदीं पांढराशुभ्र निघाला. परंतु सायंकाळीं तोंडाजवळ नेतांच आम्हीं तो खालीं ठेवला. बोकडाचा उग्र दर्प! पुतण्याचें तोंड उतरलें. चौकशी करतां कळलें कीं, चार घरांपैकीं एका घरीं बोकड दुभत्या शेळ्यांतच बांधलेला असतो. बाई म्हणाल्या, "हे तं मले इचारलं असतं तं सांगतलं असतं." पुण्याच्या वर्गांत जें शिकवावयाचें राहिलें तें येथें एका वाक्यांत मिळालें. दुसऱ्या खेपेस तें घर वगळलें, भांडीं उकळत्या पाण्यानें धुतलीं, आणि गोळा निर्मळ उतरला. बाईंनीं एक तुकडा भाकरीबरोबर खाल्ला, थोडा विचार केला, आणि निकाल दिला: "मीठ कमी हाय. अन् ठेचा पायजे."

तिसरे रात्रीं आम्ही ओट्यावर बसून बोलत होतों. आत्याबाईंच्या आक्षेपाचा विचार आमच्या मनांत घोळत होता. दूध 'नासविणें' अशुभ खरें. पण वेदांतील चातुर्मास्य यागांत तापलेल्या दुधांत दहीं घालून जो घट्ट भाग निघतो त्यास आमिक्षा म्हणतात, व ती विश्वेदेवांस अर्पण करतात. उरलेल्या पाण्यास वाजिन हें नांव आहे. म्हणजे ज्यास आपण नासकें म्हणून नाक मुरडतों तें एके काळीं देवांचें हविर्द्रव्य होतें. वैद्यकानें तर शेळीची थोरवी मोकळेपणानें सांगितली आहे. शेळीचें शरीर लहान, ती कडू-तिखट पाला खाते, पाणी थोडें पिते व सारखी हिंडते. म्हणून तिचें दूध हलकें व गुणकारी, असें आपले वैद्यकग्रंथ म्हणतात. क्षयरोग्यानें शेळ्यांच्या सहवासांत राहावें, त्यांच्यामध्यें निजावें, असेंहि त्यांत सांगितलें आहे. दूध न घेण्याचें व्रत असलेल्या गांधीजींनीं 1919 सालीं मोठ्या दुखण्यानंतर कस्तुरबांच्या सूचनेवरून शेळीचें दूध घेण्यास आरंभ केला, हें सर्वश्रुत आहे. व्रताच्या अक्षराचें पालन झालें, पण आत्म्याचें झालें नाहीं, ही खंत त्यांनींच नमूद करून ठेवली. तेव्हां शेळीचें दूध घेण्यांत कमीपणा नाहीं, एवढ्यापुरता आमचा पक्ष ढिला पडला.

पुतण्यानें मग मन्सूर खान यांचें उदाहरण काढलें. 'कयामत से कयामत तक' (1988) हा चित्रपट करणारे हे दिग्दर्शक 2003 सालीं मुंबई सोडून निलगिरींत कुन्नूर येथें गेले, आणि तेथें शेतावर चीज करूं लागले. अर्थात् गाईच्या दुधाचें. आम्हीं त्यास आपल्या घरांना अधिक जवळचें उदाहरण दिलें. बनबिहारी निंबकर यांनीं 1968 सालीं फलटण येथें कृषिसंशोधन संस्था काढली. त्यांच्या पत्नी जाई निंबकर या इरावतीबाई कर्वे यांच्या कन्या, म्हणजे महर्षि कर्वे यांच्या नात. कन्या डॉ. चंदा निंबकर यांनीं त्याच संस्थेंत मेंढ्या व शेळ्यांच्या पैदाशीचें काम हातीं घेतलें. बंगालच्या लहानखुऱ्या गरोळ मेंढीचा जुळें देण्याचा गुण दख्खनी मेंढींत आणून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तेथें सिद्ध झाली. पुण्याच्या विद्वान् घराण्यांतील लेक गांवीं राहिली, आणि पणती मेंढ्या-शेळ्यांच्या वाड्यांत उभी राहिली. पण शास्त्र घेऊन, आणि जन्माचें काम म्हणून. उलट फ्रान्समध्यें 1968 च्या चळवळीनंतर शेंकडों शहरी तरुण सेव्हेन, आर्देश, लार्झाक अशा डोंगराळ भागांत शेळ्या राखावयास गेले. एक-दोन हिंवाळे काढून पुष्कळ जण परतले. जे टिकले ते तेथील शेतकऱ्यांकडून हात जोडून शिकलेले. आम्ही म्हणालों, "तूं कोणत्या वर्गांतला, तें आम्हांस कळलें पाहिजे."

तें कळण्याचा प्रसंग चौथ्या दिवशीं आला. बाईंच्या घरासमोर एक व्यापारी मोटार घेऊन आला होता. त्यानें दोन बोकड पाठीवरून हात फिरवून पाहिले, भाव ठरला, आणि ते गाडींत चढविले. मागें राहिलेली एक शेळी बराच वेळ ओरडत होती. आम्हीं बाईंस विचारलें, "हे न विकतां चालणार नाहीं काय?" त्या म्हणाल्या, "गुरुजी, बोकड इकला नाई तं बकरी कशावर पोसू? अर्धी पिल्लं बोकडंच असतात. दूध पायजे तं बकरी याले पायजे, अन् याली म्हंजे बोकड होनारच." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतें, आणि हातांत मोजलेल्या नोटा होत्या. दोन्ही खरीं होतीं.

परततांना आम्हीं पुतण्यास सरळ विचारलें, "तुझ्या बोकडांचें काय?" शाकाहारी घराच्या ताटांतील तो शुभ्र गोळा कोठवर जाऊन पोंचतो, हा प्रश्न टाळून पुढें जाणें आम्हांस अप्रामाणिकपणाचें वाटलें. तो बराच वेळ चालत राहिला. मग म्हणाला, "काका, गाई-म्हशीच्या दुधांतहि हा प्रश्न आहेच. पुण्यास पिशवींतून दूध घेतों तेव्हां तो आपल्याला दिसत नाहीं, एवढेंच. चांगले बोकड पैदाशीसाठीं देईन. बाकीचे जातील तिकडे जातील, आणि तें मी घरीं लपवणार नाहीं. मला रात्रभर झोंप लागली नाहीं, तर परत येईन."

आमच्या मनांतील ठरलेला निर्णय त्या ठिकाणीं गळून पडला. शहर सोडणें म्हणजे वानप्रस्थ असें आम्ही समजत होतों. जबाबदारीपासून सुटका करून घेण्याची एक सुशिक्षित तऱ्हा. परंतु शेळ्यांच्या मागें जाणें हा वानप्रस्थ नव्हे. तो दुसरा, पहिल्याहून कठीण गृहस्थाश्रम आहे. पावसाळ्यापूर्वीं आंत्रविषाराची लस, पीपीआरची धास्ती, वीज गेली कीं नासणारा माल, पहांटेचें दोहन, आणि चीज अखेर खाणार कोण, तर पुण्या-मुंबईचींच माणसें. म्हणजे शहर सुटत नाहींच. काल त्याचें गिऱ्हाईक होतों, आज त्याचे पुरवठादार झालों, इतकाच फरक. जो पळून जाण्यासाठीं येथें येईल त्यास रिठद चार महिन्यांत परत धाडील. जो नवें ओझें डोक्यावर घ्यावयास येईल, त्याचा विचार करतां येईल.

घरीं आल्यावर आम्हीं सर्व हकीकत सांगितली, बोकडांचीहि. आत्याबाई आमिक्षेची गोष्ट ऐकून किंचित् हंसल्या, बोकडांची ऐकून कष्टी झाल्या, पण म्हणाल्या, "सांगितलंस हें बरं केलंस." सूनबाई त्या दिवशीं प्रथमच बोलल्या. नोकरी सोडूं नये, एक वर्षाची बिनपगारी रजा घ्यावी. आपण मुलीसह पुण्यास राहूं व हप्ते भरूं. दर महिन्याचा जमाखर्च सर्वांसमोर वाचावा. आणि वर्ष संपल्यावर पुन्हां याच पंक्तींत बसून ठरवावें. एवढें सर्व त्यांनीं आधींच मनाशीं मांडून ठेवलें होतें. आम्हीं त्यांत एकच अट घातली: गांवांतील आजारी मुलासाठीं कोणी वाटीभर दूध मागावयास आलें तर तें पूर्वींप्रमाणेंच विनामूल्य द्यावें. मग रिठदच्या घराची किल्ली आम्हीं पुतण्याच्या हातीं दिली.

आमच्या वाचकांच्या घरींहि असा प्रश्न आज ना उद्यां निघेल; शेळ्यांचा नसेल तर मधमाशांचा, आंब्यांचा किंवा भाजीपाल्याचा. अशा वेळीं वडीलधाऱ्यांनीं म्हणी सांगण्यापूर्वीं उंटावरून खालीं उतरून चार दिवस पाहून यावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.

फाल्गुनांत पुतण्याचें पत्र आलें. पांच शेळ्या घेतल्या आहेत. पहिल्या महिन्यांत जमेपेक्षां खर्च अधिक आहे. मीठ आतां बरोबर पडतें. त्यांतील एक शेळी व्याली, दोन पिल्लें झालीं. एक पाठ, व एक बोकड. आत्याबाईंनीं हें पत्र आमच्याकडून दोनदां वाचवून घेतलें.